तोरे लित्तोरिया: पक्षाचं नाव, रहिवाशांची घरं

तुरीनच्या पियाझ्झा कास्तेल्लोत मधोमध पालाझ्झो मादामा आहे. त्याचा दर्शनी भाग फिलिप्पो युव्हारानं अठराव्या शतकात रचला. याच चौकाच्या कडेला, छपरांची सलग रेष मोडून वर गेलेला ८७ मीटरचा मनोरा म्हणजे तोरे लित्तोरिया. बांधकाम १९३३-३४ चं. नाव फाशिस्टांच्या चिन्हावरून आलं, कारण पक्षाचं मुख्यालय इथे थाटायचा बेत होता. ते काही आलं नाही. इमारत रेआले मुतुआ या विमा कंपनीची झाली आणि आत घरं झाली.

इटलीत उंचीची चढाओढ जुनी. बोलोन्यातल्या सरदार घराण्यांनी बाराव्या शतकात एकमेकांवर कडी करत मनोरे उभारले. त्यांतला असिनेल्ली ९७ मीटरचा, म्हणजे तुरीनच्या या मनोऱ्याहूनही उंच. पण जाड भिंतींनी बहुतेक जागा खाल्लेली, वर जायला जिने आणि जिनेच. तिथे रुबाब होता, संसार मावत नव्हता. संसार वर न्यायला पोलाद आणि लिफ्ट यावी लागली.

म्हणून मला इथे सगळ्यात मोलाचा वाटतो तो सांगाडा. वास्तुकार आर्मांदो मेलिस दे व्हिल्ला, अभियंता जोव्हान्नी बेर्नोक्को. पोलादी खांब-तुळया त्यांनी वेल्डिंगनं जोडल्या. तेव्हाच्या इटलीत हे धाडसच होतं. रिव्हेट आणि जोडपट्ट्यांचं वजन वाचतं, भार सांगाडा पेलतो, भिंती फक्त आडोशापुरत्या उरतात. क्लिंकर विटा, काचेच्या विटा, लिनोलियम ही नवी सामग्रीही इथे मोकळेपणानं वापरली. आणि खाली? १९३१ पासून पाडून रुंद केलेल्या व्हिया रोमा या रस्त्याच्या इथल्या टप्प्यात कमानदार ओसऱ्या मुद्दाम बरोक वळणाच्या ठेवल्या होत्या. जुन्याचा वेश घेतलेल्या रस्त्याला खेटून हा मनोरा आपलं वय लपवत नाही. ही विसंगती अनेकांना खुपली. मला ती प्रामाणिक वाटते.

या वाटेनं पुढे फार इमारती गेल्या नाहीत. १९३५ मध्ये इथिओपियावरच्या आक्रमणामुळे इटलीवर निर्बंध आले, राजवटीनं स्वावलंबनाचा धोशा लावला आणि पोलाद युद्धसामग्रीकडे वळलं. १९४० मध्ये जेनोव्हात मार्चेल्लो पियाचेंतिनीचा १०८ मीटरचा मनोरा पुरा झाला. तो आरसीसीचा आहे.