पराभव ठरलेला खेळ

१९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बाजारात आणला. त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांच्यापुढे एक अडचण होती. पडद्यावर पाच रांगांत ५५ परग्रहवासी, आणि ते सारे एकदम हलवणे इंटेल ८०८० प्रोसेसरला झेपत नव्हते. खेळाडू एकेकाला टिपत गेला की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेल्यांची चाल वाढे. निशिकादोंनी ही उणीव दूर केली नाही. मुद्दाम तशीच ठेवली.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. इथे संकट खेळाडूच्या यशातूनच जन्मते. शत्रू जितके कमी, तितका धोका अधिक. शेवटी उरलेला एकटा सर्वांत चपळ. सोबतचा चार सुरांचा ठेकाही जलद होत जातो.

आव्हान कौशल्याहून फार मोठे असेल तर चिंता, फार लहान असेल तर कंटाळा, असे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५च्या ग्रंथात मांडले होते. या दोहोंमधल्या चिंचोळ्या वाटेवर माणूस देहभान विसरतो. निशिकादोंचे यंत्र खेळाडूला त्याच वाटेने नेत होते.

शिवाय हा खेळ जिंकता येत नाही. एक फौज संपली की दुसरी येते, तीही अधिक खाली उतरून. तरीही माणसे पुन्हा नाणे टाकत. म्हणून खेळाचा आनंद विजयात असतो, ही समजूत मला अपुरी वाटते. हार अटळ असली तरी ती लांबवणे आपल्या हाती आहे, या जाणिवेत तो असतो. खेळाडूचा खिसा रिकामा करणारी जाणीवही हीच.