घोराडेश्वराच्या डोंगरावरील दुर्बिणी

पुण्याहून मुंबईस जातांना देहूरोड ओलांडला म्हणजे घोराडेश्वराचा डोंगर लागतो. त्याच्या पोटांत जुनीं बौद्ध लेणीं आहेत. जवळच, द्रुतगती मार्गाच्या कडेस, गहुंजे येथें महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचें मैदान २०१२ सालीं खुलें झालें. लेणीं खोदणाऱ्यांनीं हा डोंगर एकांतासाठीं निवडला असेल. २०२१ च्या मार्चमध्यें कांहीं माणसें तो निराळ्याच हेतूनें चढलीं.

त्या महिन्यांत भारत व इंग्लंड यांचे तीन एकदिवसीय सामने गहुंजेस झाले. साथीमुळें प्रेक्षकांस मज्जाव होता. २६ मार्च रोजीं पिंपरी-चिंचवड पोलिसांनीं छापे घालून सट्टेवाल्या ३३ इसमांस पकडलें. त्यांपैकीं कांहीं डोंगरावर, तर कांहीं मैदानाजवळच्या उंच इमारतींत दुर्बिणी व कॅमेरे लावून बसले होते. सामना घरोघरीं दिसत असतां हा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. मैदानांतला चेंडू दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पोंचावयास कांहीं सेकंद लागतात. तेवढ्या अवधींत ज्यास चौकार कीं बळी हें कळलें, तो इतरांच्या अज्ञानावर पैसा लावूं शकतो. सट्टेबाजाचा खरा माल धांवा नव्हे; जगाच्या आधीं हातीं आलेली बातमी हा होय.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्याच मैदानावरील एक आधींचें प्रकरण नीट उमगतें. पांडुरंग साळगांवकर हे १९७० च्या दशकांत महाराष्ट्राचे जलद गोलंदाज होते. फिरकीच्या त्या राज्यांत त्यांस कसोटी सामना लाभला नाहीं. पुढें ते गहुंजेच्या खेळपट्टीचे राखणदार झाले. २०१७ च्या फेब्रुवारींत ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तेथें तीन दिवसांत आटोपली, आणि खेळपट्टीस वाईट असा शेरा मिळाला. त्याच वर्षीं २५ ऑक्टोबर रोजीं, न्यूझीलंडचा सामना सुरू होण्यापूर्वीं, एका वृत्तवाहिनीनें चित्रफीत दाखविली. तींत सट्टेबाजांचें सोंग घेतलेले बातमीदार साळगांवकरांशीं खेळपट्टीविषयीं बोलत होते. ते तत्काळ दूर झाले. सामना मात्र ठरल्याप्रमाणें पार पडला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें त्यांस सहा महिन्यांची बंदी घातली. ती खेळपट्टी बिघडविल्याबद्दल नव्हती. असे लोक आपणांकडे आले होते ही वर्दी दिली नाहीं, एवढाच दोष ठरला व तो त्यांनीं कबूल केला.

सोंगाड्यांच्या जाळ्यांत सांपडलेल्या या म्हाताऱ्या गोलंदाजाची मला कींव येते. तरी त्या मौनास क्षुल्लक म्हणण्यास मी धजत नाहीं. आंतल्या माणसाचें मौन हाही सट्टेबाजाच्या कामीं येणारा जिन्नस आहे. अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें जॅक मोलिनास याची १९५४ सालीं हकालपट्टी झाली, ती स्वतःच्याच संघावर पैसे लावल्याबद्दल. २०२४ सालीं जॉन्टे पोर्टर यास तहहयात बंदी झाली, तींत आपल्या प्रकृतीची गुप्त खबर सट्टेबाजास पुरविल्याचा ठपका होता. सत्तर वर्षांत मालाचें मूळ रूप उघडें झालें इतकेंच.

मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण याचें प्रकरण याहून कठीण. २०१३ सालीं त्यास तहहयात बंदी झाली. २०१५ सालीं दिल्लीच्या न्यायालयानें त्यास आरोपमुक्त केलें, तरी क्रिकेट मंडळानें बंदी उठविली नाहीं. ती सात वर्षांवर आणली गेली २०२१ सालीं, म्हणजे सात वर्षें सरून गेल्यावर!

डोंगरावरील मंडळींस असली बंदी घालणें कोणासही शक्य नव्हतें, कारण ते खेळांत नव्हतेच. त्यांच्यासाठीं कायदा आहे. महाराष्ट्रांत जुगाराविरुद्ध चालणारा तो कायदा मूळ १८८७ सालचा असून, तो झाला तेव्हां दूरचित्रवाणी राहो, साधा रेडिओही नव्हता.