एकोणतीस : पुढे की मागे?

उजळणी म्हणताना मूल अठ्ठावीसनंतर अडखळते, हे नांदेड-लातूरच्या शिक्षकांना नवे नाही. कारण शब्दातच दडले आहे. संस्कृतातील ‘एकोनत्रिंशत्’ म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी, असे तीस. त्यावरून ‘एकोणतीस’ आले. पुढे मोजणाऱ्या मुलाला तीस गाठून एक पाऊल मागे यावे लागते! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत. नव्व्याण्णव तेवढे वेगळे.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू. उर्दूतही २९ म्हणजे ‘उनतीस’. पण ८९ मात्र ‘नवासी’, म्हणजे ऐंशी आणि नऊ. घरी वजाबाकी, शाळेत बेरीज!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन आले. त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या पद्धतीची बाजू मांडली. ‘वीस नऊ’ने पुढची मोजणी सोपी होते, हे खरेच.

तरीही आम्हाला वाटते, जुना शब्द टाकू नये, उकलून दाखवावा. तीस चिंचोके मांडा, एक उचलायला सांगा. उरले किती? एक ऊन तीस. उलट्या मोजणीचा पहिला धडा भाषेनेच देऊन ठेवला आहे.