व्हेगन ताट बेचव का लागतं? थोडा इतिहास, थोडा अनुभव

पोस्ट थोडी मोठी आहे, पण विषय पोटाचा आहे.

माझ्या पाहण्यातले पुण्यातले तीन व्हेगन कॅफे दोन-तीन वर्षांत उघडले आणि गुपचूप बंद पडले. मालक म्हणतात, लोकांना किंमत नाही. मला वाटतं दुखणं जुनं आहे. या खाण्याचा जन्म कुठे झाला ते बघितलं की लक्षात येतं.

स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये डॉ. बिर्खर-बेन्नर यांनी 1904 साली आपलं सॅनेटोरियम उघडलं. कच्ची फळं, कच्च्या भाज्या, भिजवलेले ओट्स आणि किसलेलं सफरचंद हे तिथलं औषध. आज पाकिटात मिळणारं म्यूसली तिथूनच आलं. तिथे येणारा माणूस पेशंट होता. चव कशी आहे हे त्याला कोण विचारणार?

दुसरं मूळ इंग्लंडमधलं. 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी दूध-अंडीही सोडणाऱ्यांची वेगळी संस्था काढली. 'व्हेजिटेरियन' शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन इंग्रजी अक्षरं घेऊन 'व्हेगन' हा शब्द केला. मुद्दा होता जनावरांना होणाऱ्या त्रासाचा. मुद्दा रास्तच होता. पण एकीकडे डॉक्टर, दुसरीकडे तत्त्व, आचारी कुठेच नाही.

आता आपल्या माणसाकडे येऊ. गांधीजी 1888 मध्ये लंडनला गेले तेव्हा आईला दिलेल्या वचनामुळे अर्धपोटी राहत होते. फिरता फिरता फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पोटभर जेवण मिळालं, असं त्यांनी आत्मकथेत सांगितलंय. याच गांधीजींनी 1929 मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. भिजवून मोड आणलेले गहू, बदाम, कच्ची भाजी. आश्रमातले काही सहकारीही सोबत होते. दोन-तीन महिन्यांत पोट बिघडलं, आमांश झाला आणि प्रयोग थांबवावा लागला. विशेष म्हणजे हे अपयशही त्यांनी आपल्या साप्ताहिकातून जाहीर सांगितलं. तेवढा प्रामाणिकपणा आजच्या मेन्यूकार्डात दिसत नाही.

माझ्या बायकोला दुधाची ॲलर्जी आहे. चमचाभर बटर पोटात गेलं तरी अंगावर गांधी उठतात. त्यामुळे 'व्हेगन' पाटी आमच्यासाठी फॅशन नाही, गरज आहे. एका कॅफेत 'रॉ पिझ्झा' मागवला. जवसाचा वातड, गार पापुद्रा, वर टोमॅटोचा गर आणि वाटलेले काजू. किंमत 420 रुपये. गरम करून मिळेल का विचारलं तर वेटर म्हणाला, "सर, हे लाइव्ह फूड आहे, गरम केलं की मरतं." दुसरीकडे झुकिनीच्या शेवया आल्या, त्यांना इतकं पाणी सुटलेलं की ताटलीच पोहत होती. तिसरीकडे सगळं व्हेगन म्हणून सांगितलं आणि बायकोने पहिला घास घेतल्यावर आतून कोणीतरी येऊन म्हणालं, सॉसमध्ये थोडं दही आहे. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली.

पहिल्या दोन ठिकाणी पैसे गेले. तिसऱ्या ठिकाणी भरवसा गेला, आणि ते जास्त वाईट.

मग हे जेवण चालतच नाही का? चालतं. झुरिकमध्येच 1898 साली निघालेली शाकाहारी खानावळ, आजचं 'हिल्टल', अजून सुरू आहे. सुरुवातीला लोक तिची टिंगल करायचे. सांधेदुखीने बेजार झालेला अँब्रोसियस हिल्टल नावाचा शिंपी डॉक्टरच्या सांगण्यावरून तिथे जेवायला लागला आणि पुढे तीच खानावळ त्याने चालवायला घेतली. पन्नासच्या दशकात त्या घराण्यातल्या मार्ग्रिट हिल्टल शाकाहारी परिषदेसाठी भारतात आल्या. परत जाताना इथल्या चवी मनात घेऊन गेल्या आणि तिथल्या स्वयंपाकघरात भारतीय पदार्थ शिजू लागले. म्हणजे बघा, झुरिकच्या शाकाहारी ताटात चव भरायला आपला मसाला लागला, आणि आपण इथे त्यांच्या सॅनेटोरियमचं गार ताट चारशे रुपयांना खातोय!

कच्चं आपणही खातोच की. काकडीची कोशिंबीर, मुळ्याचा कीस, बुक्कीने फोडलेला कांदा. पण आपल्या आजीने त्यावर दाण्याचं कूट घातलं, लिंबू पिळलं, हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी दिली.

आणि सरकारी व्हेगन खानावळसुद्धा आपल्याकडे होऊन गेली, फक्त तिला ते नाव नव्हतं. 1995 मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. बेसन, कांदा, तेल, ज्वारी. ना दूध, ना तूप, ना अंडं. पुढे अनुदान बंद झालं, बऱ्याच केंद्रांवर झुणका जाऊन वडापाव आणि चायनीज आलं, जागांची भांडणं कोर्टात गेली. योजनेत चुका होत्याच. पण गरम, स्वस्त, पोटभर आणि पूर्णपणे वनस्पतीजन्य जेवण रस्त्यावर मिळू शकतं, हे तिने दाखवून दिलं.

आज अडचण उलटी आहे. साध्या खानावळीत भाकरी मिळते, पण न विचारता वर तुपाचा हात फिरतो. आपल्याकडे हिरवा ठिपका दुधालाही चालतो, त्यामुळे 'प्युअर व्हेज' पाटी बघून आम्हाला काहीच कळत नाही. 2022 मध्ये व्हेगन खाद्यपदार्थांसाठी केंद्राचे नियम आले, पाकिटावर वेगळं चिन्ह आलं, चांगलं झालं. पण कढईत काय पडलं हे आम्हाला अजून वेटरलाच विचारावं लागतं.

म्हणून हॉटेलवाल्यांना दोनच विनंत्या. मेन्यूत ज्या पदार्थात दूध, दही, तूप, लोणी आहे त्यापुढे तसं छापा. आणि व्हेगन म्हणून काही विकायचंच असेल तर आधी एखाद्या भाकरी थापणाऱ्या मावशींना स्वयंपाकघरात मानाने घ्या, पगारही तसाच द्या.

तुमच्या भागात तूप न लावता गरम भाकरी-पिठलं देणारी, विचारल्यावर खरं सांगणारी खानावळ असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. आमच्यासारखी बरीच घरं शोधत असतील.