पन्नाशीत नोकरी गेली तर...

मानोरा (जि. वाशीम) : रेल्वे नाही, मोठा उद्योग नाही आणि शेती मुख्यतः पावसावर अवलंबून. वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील शिकलेल्या मुलाने अकोला, नागपूर किंवा पुणे गाठावे, हा गेल्या दोन पिढ्यांचा रिवाज आहे. नोकरी लागली की गावाकडे पैसे येतात, बहिणींची लग्ने होतात, शहरात कर्ज काढून सदनिका घेतली जाते. हे सारे मार्गी लागत असतानाच, वयाच्या अठ्ठेचाळीस-पन्नासाव्या वर्षी व्यवस्थापनाचे पत्र हाती पडले तर? मुलांचे शिक्षण अर्धवट, कर्जाचे हप्ते चालू आणि निवृत्तिवेतनाला अजून आठ-दहा वर्षे अवकाश. तिशीतील नोकरी जाणे आणि पन्नाशीतील नोकरी जाणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात वेळ हाताशी असतो. दुसऱ्यात अनुभव असतो, पण वेळ नसतो. म्हणूनच या वयात पर्याय निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. हाती आलेली पुंजी कशी टिकवायची आणि वयाची अट कोठे आड येते, कोठे येत नाही.

जुनेच संकट, नवे चेहरे

महाराष्ट्राला हे संकट नवे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांतील असंख्य कामगार पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या साचेवाल्याला दुसरे कौशल्य शिकवणारी कोणतीही व्यवस्था तेव्हा उभी नव्हती. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि देशभरातील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. पुढे २०१९ मध्ये भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या कंपन्यांनी पन्नाशी गाठलेल्या कर्मचाऱ्यांसाठी अशीच योजना जाहीर केली. ९२ हजारांहून अधिक जणांनी ती स्वीकारली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते सेवेतून मुक्त झाले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कपात जाहीर केली. तिचा रोख प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीवर होता. गिरणीच्या खात्यापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत कामाचे स्वरूप पालटले. पण वाढता पगार आणि वाढते वय एकत्र आले की नोकरीवर गंडांतर येते, हे सूत्र कायम राहिले.

सही करण्यापूर्वी

नोकरी जाताना बहुतेकांच्या पुढ्यात राजीनाम्याचा कागद ठेवला जातो. ‘नाव खराब होणार नाही’, असे समजावले जाते. मात्र स्वतःहून दिलेला राजीनामा आणि व्यवस्थापनाने केलेली कपात यांत कायदा फरक करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन द्यावे लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाईही द्यावी लागते. पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा होण्याचीही तरतूद आहे. राजीनामा दिला की या भरपाईवरील हक्क उरत नाही.

येथे एक मेख आहे. व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच दरमहा १८ हजार रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरत नाहीत. त्यांना नियुक्तिपत्रातील अटींवरच भिस्त ठेवावी लागते. मात्र केवळ पदनाम ‘मॅनेजर’ आहे, एवढ्यावर निर्णय होत नाही. प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहिले जाते. त्यामुळे सही करण्यापूर्वी नियुक्तिपत्र घेऊन कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाकडे एक फेरी मारणे श्रेयस्कर.

ग्रॅच्युइटीला मात्र पदाची आडकाठी नाही. पाच वर्षे सलग सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला ती मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. हिशेब सोपा आहे. ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे अखेरचे मासिक वेतन ५२ हजार रुपये आणि सेवा २० वर्षे असेल, तर ५२ हजारांना २६ ने भागून १५ ने आणि पुन्हा २० ने गुणावे. उत्तर येते सहा लाख रुपये. थकीत वेतन सेवा संपल्यापासून कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे, असे वेतन संहिता सांगते.

पुंजीला हात लावण्याआधी

भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून गृहकर्ज फेडावे, हा पहिला मोह. तो शक्यतो आवरावा. दरमहा येणारा पगार थांबल्यावर हाताशी असलेली रोकड हीच खरी ताकद असते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा पूर्ण असेल, तर ५८ व्या वर्षापासून पूर्ण निवृत्तिवेतन मिळते. पन्नाशीनंतर ते लवकरही घेता येते, पण ५८ पेक्षा जितकी वर्षे आधी घ्यावे तितकी, दर वर्षामागे चार टक्के, घट कायमची सोसावी लागते.

दुसरी दुर्लक्षित बाब आरोग्यविम्याची. कंपनीचे सामूहिक विमाछत्र नोकरीबरोबर जाते आणि गरज नेमकी याच वयात वाढते. नोकरी संपण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते का, याची विचारणा करावी. आरोग्यविमा घेण्यासाठी असलेली ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा एप्रिल २०२४ पासून हटवण्यात आली आणि वैयक्तिक विमाहप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला, हे ध्यानात ठेवावे.

बंद दारे, उघडी दारे

राज्य शासनाच्या सेवेत प्रवेशासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. म्हणजे पन्नाशीतील माणसाने स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती वाचण्यात वेळ घालवू नये. जेथे वयाची कमाल अट नाही, अशी क्षेत्रे पुढीलप्रमाणे :

अध्यापन : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. उद्योग, अभियांत्रिकी, माध्यमे, बँकिंग आदी क्षेत्रांत किमान १५ वर्षांचा, प्रामुख्याने वरिष्ठ स्तरावरील, अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी. किंवा नेट नसतानाही महाविद्यालयात शिकवता येते. सलग तीन वर्षे, अपवादात्मक स्थितीत चार वर्षे, एवढी मुदत असते. ही कायम नोकरी नव्हे, पण सन्मानाने नवी सुरुवात करण्याची संधी आहे.

नवे शिक्षण : नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून कार्यरत आहे. नोकरीच्या धावपळीत अपुरी राहिलेली पदवी येथे पूर्ण करता येते. मात्र केवळ प्रमाणपत्रासाठी वर्ष-दोन वर्षे घालवण्याआधी त्या प्रमाणपत्रावर कोण काम देणार, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

वित्तीय सेवा : विमा प्रतिनिधी किंवा म्युच्युअल फंड वितरक होण्यासाठी विहित परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, वय आड येत नाही. उत्पन्न दलालीवर असल्याने पहिली एक-दोन वर्षे ओढाताणीची असतात. नातेवाइकांना पॉलिसी विकून झाल्यावर पुढे काय, याचा विचार आधीच केलेला बरा.

सल्लागार म्हणून काम : लेखापाल, गुणवत्ता नियंत्रण, खरेदी, संगणक प्रणाली अशा कामांत पूर्णवेळ अधिकारी परवडत नसलेले लहान कारखानदार आठवड्यातून दोन दिवसांसाठी अनुभवी माणूस शोधत असतात. असे दोन-तीन ग्राहक जुळले तर घरखर्चाचा मोठा भाग निघू शकतो. पहिला ग्राहक बहुधा जुन्या कामाच्या ओळखीतूनच मिळतो. म्हणून नोकरी गेल्याचे लपवू नये.

स्वयंरोजगार : पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्जदार १८ वर्षांवरील असावा, एवढीच वयाची अट आहे. याउलट राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची वयोमर्यादा मूळ नियमांत ४५ होती आणि विशेष प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत होती. नावे सारखी असल्याने अनेकांची येथे गफलत होते. पंतप्रधान योजनेच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठीच्या नियमांनुसार उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख आणि सेवा उद्योगाची २० लाख रुपये आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के, तर महिला, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती आदींना ३५ टक्के अनुदान आहे. शहरात हेच प्रमाण १५ आणि २५ टक्के असे उतरते. मात्र अनुदान लगेच हाती पडत नाही. तीन वर्षे ते बँकेत राखून ठेवले जाते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात वळते होते. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात चालू वर्षाचे नियम तपासून घ्यावेत.

गावाकडे परतावे का?

अनुदानाचे हे गणित पाहिले की गावाकडची वाट सोपी वाटू लागते. वडिलोपार्जित शेत आहेच, असेही मनात येते. पण मानोरा परिसरातील सोयाबीन, कापूस आणि तुरीची कोरडवाहू शेती पाऊस आणि बाजारभाव या दोहोंच्या लहरीवर चालते. शहरातील पगाराची जागा ती भरून काढील, हा भ्रम ठेवू नये. शिवाय पंचवीस वर्षे भावाने कसलेल्या शेतात एकदम वाटा मागायला जाणे म्हणजे एक संकट टाळून दुसरे ओढवून घेणे होय.

गावात उणीव शेतकऱ्याची नाही. हिशेब, व्यवस्थापन आणि बाजारपेठ यांच्या जाणकाराची आहे. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उत्पादक कंपन्यांचा मार्ग खुला केला आणि किमान दहा शेतकरी मिळून अशी कंपनी स्थापू लागले. केंद्राने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली. या कंपन्यांना माल साठवणारा, प्रतवारी जाणणारा, करभरणा वेळेवर करणारा आणि मोठ्या खरेदीदाराशी बोलणी करणारा माणूस हवा असतो. शहरात नाकारला गेलेला अनुभव येथे मोलाचा ठरू शकतो. वेतन मात्र शहरापेक्षा कमी असेल, हे गृहीत धरावे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्याने वाशीम जिल्ह्यातून नागपूरला जाणे सुकर झाले आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. भाविक आणि पर्यटकांसाठी निवास, भोजन, वाहतूक अशा सेवांना येथे वाव आहे. तरीही यात्रेची गर्दी वर्षभर नसते. उन्हाळ्यातील आणि भर पावसाळ्यातील ओस दिवस मोजूनच गुंतवणूक ठरवावी.

पहिले नव्वद दिवस

पहिल्या महिन्यात देणी-घेणी, विमा आणि कागदपत्रे मार्गी लावावीत. घरातील मोठ्या मुलांसह सर्वांना खरी स्थिती सांगावी. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडण्याचे नाटक कोणालाच परवडत नाही. दुसऱ्या महिन्यात जुन्या सहकाऱ्यांपैकी किमान वीस जणांशी प्रत्यक्ष बोलावे. तिसऱ्या महिन्यात एखादे लहान काम, कमी मोबदल्याचे का होईना, सुरू करावे. नोकरी देतो म्हणून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी. आणि जमलेली सारी रक्कम एकाच धंद्यात ओतू नये. पंचविशीत बुडालेला धंदा शिकवण ठरतो, पन्नाशीत तो म्हातारपण घेऊन बुडतो.

गिरणी कामगाराला यातील बहुतेक दारे माहीतच नव्हती. काही तेव्हा अस्तित्वातही नव्हती. आज ती आहेत. ती पूर्वीच्या पगाराकडे घेऊन जातीलच असे नाही. पण पंचवीस वर्षांचा अनुभव एका पत्राने रद्द होत नाही. त्याला नवा ग्राहक शोधावा लागतो, एवढेच.