दाराचीं दोन कामें



चोरास बाहेर ठेवावें व घरधन्यास आंत घ्यावें, एवढेंच दाराचें काम, असें आपण सामान्यतः समजतों. परंतु जेथें शेंकडों माणसें एकत्र जमतात, त्या इमारतीच्या दारांना याहून निराळीं दोन कामें करावीं लागतात, आणि तीं परस्परांच्या अगदीं उलट आहेत. एका दारानें, आंतून धक्का लागतांच, क्षणाचाहि विलंब न करितां उघडावें. दुसऱ्यानें, आग लागतांच, कोणी हात न लावतां मिटावें आणि मिटूनच राहावें. यांपैकीं पहिलें काम जगानें कोणत्या किंमतीस शिकून घेतलें, तें आधीं सांगतों.

१६ जून १८८३ रोजीं इंग्लंडांतील संडरलंड शहरीं व्हिक्टोरिया हॉल नांवाच्या सभागृहांत मुलांसाठीं जादूचे खेळ झाले. वरच्या सज्जांत सुमारें अकराशें मुलें होतीं. खेळ संपतेवेळीं रंगमंचावरून खालीं बसलेल्या मुलांस खेळणीं वांटण्यास आरंभ झाला. आपल्या वांट्याचें संपून जाईल या भीतीनें वरचीं मुलें जिन्यानें धांवत सुटलीं. जिन्याच्या तळाचें दार आंतल्या बाजूस उघडणारें होतें, आणि एका वेळीं एकच मूल बाहेर पडेल एवढी फट ठेवून तें जमिनींतील खिट्टीनें अडकविलेलें होतें. पुढचीं मुलें त्या फटीशीं अडलीं. मागच्यांना तें दिसलें नाहीं. तीन ते चवदा वर्षांचीं १८३ मुलें तेथें गुदमरून मेलीं. आग लागलेलीच नव्हती, हें ध्यानांत घ्यावें. एक खिट्टी पुरली. याच दुर्घटनेवरून रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज या इंग्रज गृहस्थास, आंतून रेटतांच सुटेल असा अडसर सुचला. त्याचें पेटंट त्यानें १८९२ सालीं घेतलें.

समुद्रापलीकडे शिकागो शहरास हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. तेथील इरोक्वॉइस नाट्यगृह १९०३ च्या नोव्हेंबरांत उघडलें, तें 'सर्वथा अग्निरोधक' असें बिरुद मिरवीतच. ३० डिसेंबरला, नाताळच्या सुटींत, दुपारच्या खेळास बायकामुलांची रेटारेटीची गर्दी होती. विजेच्या एका दिव्याची ठिणगी रंगमंचावरील कापडास लागली. प्रेक्षकांच्या रक्षणासाठीं खालीं सोडावयाचा जो पडदा, तो अर्ध्यावरच अडकला. बाहेर जाण्याचीं कित्येक दारें शोभेच्या पडद्यांआड दडलेलीं, कांहींना कुलुपें, आणि कांहींचे अडसर इतक्या अनोळखी घडणीचे कीं, ते कसे सोडावे हें भांबावलेल्या माणसास उमगेना. जिन्यांवरचीं लोखंडी फाटकें तर खेळ चालू असतां बंदच ठेवीत. कां, तर स्वस्त तिकिटवाल्यांनीं खालीं उतरून महाग जागीं बसूं नये! इतक्यांत नटमंडळींनीं जीव वांचविण्यासाठीं रंगमंचामागचें दार उघडलें. थंड वारा आंत घुसला, आणि अडकलेल्या पडद्याखालून आगीचा लोट प्रेक्षागारावर धांवून गेला. सहाशेंच्या वर माणसें मेलीं. इमारतीनें मात्र आपलें बिरुद राखलें. भिंती जागच्या जागीं उभ्या होत्या, आणि पुढें दुसऱ्या नांवानें तेथें पुन्हा खेळ सुरू झाले.

त्या खेळास इंडियानापोलिसचा कार्ल प्रिन्झलर नांवाचा एक लोखंडी सामानाचा विक्रेता जावयाचा होता. कामामुळें त्याचें जाणें राहिलें. त्यानें पुढें हेन्री ड्यूपाँट या शिल्पज्ञाच्या मदतीनें दारावर कमरेच्या उंचीचा आडवा दांडा बसविण्याची युक्ति काढली, व १९०८ सालीं ती बाजारांत आली. गर्दीचें अंग दांड्यास टेकलें कीं दार उघडतें. किल्ली नको आणि विचारहि नको.

तरीहि २५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यांत १४६ जीव गेले. त्यांत १२३ स्त्रिया व मुली होत्या. सुटतांना कामकरणींच्या पिशव्या तपासतां याव्या, म्हणून नवव्या मजल्यावरील एका जिन्याचें दार कुलुपांत होतें. मालकांवर खटला झाला व ते निर्दोष सुटले. शिकागोस तिकिटांसाठीं आणि न्यूयॉर्कला कापडासाठीं. दोहोंकडे दार अडलें तें पैशाच्या राखणीसाठीं. हा केवळ योगायोग असें मला वाटत नाहीं.

आतां दुसरें काम. तें मुख्यतः सूतगिरण्यांनीं शिकविलें. कापसाची आग एका दालनांतून दुसऱ्यांत जाऊं नये म्हणून आरंभीं लोखंडी पत्र्याचीं दारें बसवीत. पण लोखंड तापलें कीं वांकडें होतें. दार चौकटींतून सुटतें आणि ज्वाळा बाजूनें निघून जातात. मग एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन गिरण्यांत निराळेंच दार आलें : आडव्या-उभ्या फळ्या एकमेकींवर ठोकून त्यांवर सर्व बाजूंनीं कल्हईच्या पत्र्याचें आच्छादन. आगीपुढें लांकूड बरें कीं लोखंड, असें वर्गांत विचारल्यास शंभरांतील नव्याण्णव विद्यार्थी लोखंड म्हणतील. वस्तुस्थिति अशी कीं, पत्र्याआड हवा न मिळाल्यानें लांकूड सावकाश कोळसत जातें, आणि दार सरळ उभें राहतें. तें उतरत्या रुळावर टांगीत व सहज वितळणाऱ्या धातूच्या दुव्यानें अडकवून ठेवीत. सुमारें ७२ अंश सेंटिग्रेड उष्णता होतांच दुवा सुटे, आणि दार आपल्याच वजनानें घरंगळत जाऊन मिटे. रखवालदार झोंपला असला तरी चाले.

आजचें अग्निरोधक दार याच कुळांतलें आहे. तें अर्धा तास, एक तास, दोन तास अशा ठराविक अवधीपर्यंत आग थोपवितें. कडेच्या खांचेंतील पट्टी उष्णतेनें फुगून फट बुजविते. पट्टीसारखी क्षुद्र गोष्ट सांगण्याचें कारण असें कीं, अशा प्रसंगीं ज्वाळेपेक्षां धूरच अधिक बळी घेतो, व त्यास बोटभर फट पुरे होते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं ५९ माणसें मेलीं, तीं गुदमरून. आग तळमजल्यावरील वाहनतळांतल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून लागली; धूर जिन्यावाटे वर सज्जांत चढला; आणि तेथें एका बाजूची वाट वाढीव खुर्च्यांनीं अडविलेली होती. खालीं धूर अडला नाहीं आणि वर माणसें अडलीं. दाराचीं दोन्ही कामें एकाच इमारतींत चुकलीं.

आपल्या महाराष्ट्रांत आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ सालचा आहे. त्यान्वये इमारतीच्या मालकानें वा भोगवटादारानें दरवर्षीं जानेवारींत आणि जुलैंत, सर्व योजना सुस्थितींत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावयाचा असतो. परंतु जिन्याचें आपोआप मिटणारें दार जातां-येतां आड येतें, म्हणून त्यास विटेचा तुकडा, कुंडी किंवा लांकडी पाचर लावून उघडें ठेवण्याची चाल फार आहे. सभागृहाच्या दाराला साखळी घालून किल्ली शिपायाच्या खिशांत ठेवण्याचीहि आहे. आपल्या इमारतींतील दार पारखावयाचें असल्यास दाखला मागण्याचीहि जरुरी नाहीं. जिन्याचें दार अर्धें उघडून सोडून द्यावें. तें स्वतःहून मिटून त्याची कळ बसली पाहिजे. बाहेर पडण्याचें दार मात्र हातांत कांहीं न घेतां आंतून रेटून पाहावें, आणि तें माणसें आंत असतांना रेटून पाहावें, कारण साखळी बहुधा तेव्हांच घातलेली असते.