भीमातीरींची ब्रह्मपुरी : गांव आणि छावणी

सोलापुराहून मंगळवेढ्यास जाणारा रस्ता जेथें भीमा ओलांडतो तेथें नदीच्या डाव्या तीरावर बेगमपूर व उजव्या तीरावर माचणूर हीं गांवें आहेत. माचणुराच्या शेजारींच ब्रह्मपुरी हें लहानसें खेडें आहे. माचणूरचें सिद्धेश्वराचें देवालय व पडका किल्ला पाहावयास लोक जातात. ब्रह्मपुरीस मुद्दाम कोणी जात नाहीं. तथापि हिंदुस्थानच्या बादशाहीचा कारभार सुमारें साडेचार वर्षें ह्याच ठिकाणाहून चालला होता.

औरंगजेब येथें इ. स. १६९५ च्या मे महिन्यांत (शके १६१७) आला आणि १६९९ च्या आक्टोबरांत (शके १६२१) साताऱ्याच्या मोहिमेवर निघाला. गांवाचें नांव त्यानें इस्लामपुरी असें ठेविलें होतें. माचणूरचा किल्ला ह्याच मुक्कामांतला. निघतांना जनानखाना व जड सामान वजीर असदखानाच्या हवालीं येथेंच ठेविलें, त्यामुळें बादशहा गेल्यावरही छावणी एकदम उठली नाहीं.

मूळ नांव ब्रह्मपुरी. हा शब्द शिलालेखांत व ताम्रपटांत राजानें ब्राह्मणांस वसवून दिलेल्या वस्तीस लावलेला आढळतो, आणि जवळचें मंगळवेढें हें तर कलचुरींचें जुनें ठाणें. तेव्हां येथें अशी एखादी वसाहत असावी हें संभवनीय आहे. पण दानपत्र हातीं आल्यावांचून नुसत्या व्युत्पत्तीवर गांवाचा इतिहास उभारूं नये. व्युत्पत्ति ही साक्षीदार खरी, परंतु ऐकीव गोष्ट सांगणारी.

आतां वस्तीचा प्रश्न. ब्रह्मपुरी ही एके काळीं पांच लक्ष वस्तीची नगरी होती असें म्हणण्याचा मोह पडतो. ह्याला आधार जेमेली करेरी ह्या इटालियन प्रवाशाचा. त्यानें बादशाही छावणींत ६०,००० घोडेस्वार, १,००,००० पायदळ, ५०,००० उंट व ३,००० हत्ती सांगितले आहेत. बाजार २५०, घेर तीस मैलांचा, आणि एकंदर माणूस पांच लक्ष. परंतु करेरीनें ही छावणी पाहिली ती १६९५ च्या मार्चांत, कृष्णाकांठीं गलगलें येथें, भीमाकांठीं नव्हे. शिवाय हे आंकडे मोजदादीचे नसून पाहुण्यास सांगितलेले व त्यानें लिहून घेतलेले आहेत. त्यांचें वजन कळावें म्हणून एक तुलना करितों. १९०१ च्या खानेसुमारींत सोलापूर शहराची लोकसंख्या ७५,२८८ व सबंध जिल्ह्याची ७,२०,९७७ भरली. (मंगळवेढें तेव्हां सांगली संस्थानांत असल्यामुळें ह्या बेरजेंत नाहीं.) म्हणजे करेरी खरा मानल्यास सोलापूरसारखीं साडेसहा शहरें एका नदीकांठीं उतरलीं होतीं. इतक्या जनावरांची वैरण व इतक्या चुलींचें सरपण ज्या शिवारांतून गेलें असेल तेथील कुणब्याचें काय झालें, हें करेरी विचारीत नाहीं.

छावणी मोठी होती ह्यांत संशय नाहीं. ब्रह्मपुरीच्या मुक्कामांत भीमेस आलेल्या महापुराचें वर्णन खाफीखानानें केलें आहे. मध्यरात्रीं पाणी चढलें, अमिरांनीं बांधलेलीं घरें वाहून गेलीं, दहा-बारा हजार माणसें बुडालीं. बादशहानें स्वहस्तें प्रार्थना लिहून ते कागद पाण्यांत सोडविले. संख्येंत अतिशयोक्ति असेल. तरी अमिरांनीं तेथें तंबू सोडून घरें बांधलीं होतीं, हें ह्या वर्णनांत सहज आलेलें विधान आम्हांस संख्येपेक्षां अधिक मोलाचें वाटतें. मात्र पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, म्हणजे ज्यांस जुने कागद ‘समस्त पांढरी’ म्हणतात, त्यांतलें कोणी वाहून गेलें कीं वांचलें, ह्याचा उल्लेख नाहीं. छावणीचीं माणसें छावणीबरोबर गेलीं. तीं गांवाच्या लोकसंख्येंत कधींच नव्हतीं.

पलीकडच्या बेगमपुराविषयीं समज असा कीं, मुक्काम चालू असतां औरंगजेबाची एक मुलगी वारली व तेथील कबर तिची. इतिहासांत ज्ञात असलेल्या त्याच्या मुली पांच. त्यांतील बद्रुन्निसा १६७० मध्यें, झेबुन्निसा १७०२ मध्यें, मेहरुन्निसा १७०६ मध्यें, झुब्दतुन्निसा १७०७ मध्यें व झीनतुन्निसा १७२१ मध्यें वारली. १६९५ ते १६९९ ह्या अवधींत एकही मृत्यु बसत नाहीं. कबर दुसऱ्या कोणा बेगमेची असावी. लोकांनीं तिला सर्वांत जवळचें नातें देऊन टाकिलें.

गांव मोजावें कसें ह्याचा धडा पुण्याजवळच्या लोणीचा आहे. डॉक्टर कोट्स ह्या इंग्रजानें १८२० च्या सुमारास तेथील जमीन, घरें, माणसें, वतनें व कर्जें नोंदून ठेविलीं. पुढें सवाशें वर्षांनीं गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांस त्याच लोणीकंदाचा पुन्हां अभ्यास करितां आला. ब्रह्मपुरीस कोणी कोट्स लाभला नाहीं. तिचा कोट्स म्हणजे गांवचा कुळकर्णी. परगणे व कुळकर्णी वतनें १९५१ सालीं खालसा झालीं तेव्हांपासून त्या घराण्यांस दप्तर सांभाळण्याचें कारण उरलें नाहीं, आणि रुमाल रद्दीच्या भावानें जातात.

ह्यास्तव मंगळवेढें, मोहोळ व पंढरपूर ह्या तालुक्यांत मोडी कागद जमविणाऱ्यांस विनंति कीं, १६९५ ते १७१५ पर्यंतचे घरझाडे, वतनाचे महजर, आणि विशेषतः ओसाड जमिनीच्या लागवडीसाठीं दिलेले इस्ताव्याचे कौल वेगळे काढावे. छावणीपूर्वीं किती घरें होतीं व नंतर किती कुळें परत आलीं, हें त्यांवरूनच ठरेल. कागदावर ‘इस्लामपुरी’ असें नांव दिसल्यास तो वाळवें तालुक्यांतील इस्लामपूरचा समजून बाजूस टाकूं नये. शेजारच्या गांवांचीं नांवें पाहावीं, आणि फसली किंवा सुहूर सन पडताळल्यावांचून त्यावर इसवी सनाची चिठ्ठी चिकटवूं नये.